मुळावर आलेल्या कळा

बाळंतपणाच्या कळा कधी सुरू व्हाव्यात हे पंचांग ठरवतं, असं माझ्या वडिलांचं मत होतं. हार्मोन ठरवतात, असं माझं. सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, कुणी विचारलंच नव्हतं.

आम्ही बनारसला ब्रह्मा घाटाजवळ राहायचो. वडील, म्हणजे आप्पा, वेदपाठी भिक्षुक. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. (घरात दोघांचीही व्याख्यानं फुकट.) त्या सकाळी सुलभाला कळा सुरू झाल्या आणि आप्पांनी पंचांग उघडून कपाळाला हात लावला.

"संध्याकाळपर्यंत मूळ नक्षत्र आहे. मुळावर मूल झालं तर बापाला वाईट."

"असलं मी काही मानत नाही," मी म्हणालो. मग जरा वेळाने विचारलं, "म्हणजे किती वाईट?"

आप्पांनी नुसतं पंचांग मिटलं. तेव्हा माझ्या तोंडून विज्ञान बाहेर पडलं. ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनमुळे कळा येतात, आणि बाई घाबरली की अ‍ॅड्रेनलिन सुटून त्या मंदावू शकतात, असं मी वर्गात सांगतो तसं सांगितलं. आप्पांनी त्यातलं एवढंच उचललं, की सुनेला घाबरवायचं.

"सूनबाई, गलीत सांड शिरलाय," ते गंभीरपणे म्हणाले.

"मग दार लावून घ्या ना," सुलभा कळ सोसत म्हणाली. जन्म बनारसचा, सांडाला कोण भितंय!

आता आई पुढे सरसावली. "अगं, छतावर ऊन द्यायला टाकलेली तुझी पैठणी बंदरानं फाडली."

सुलभा पांढरीफटक पडली आणि कळा चक्क थांबल्या! आप्पांनी आयुष्यात प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिलं. मी मात्र घाबरलो. कळा परत आल्याच नाहीत तर? बाळाला काही झालं तर? मूळबिळ विसरून मी ओरडलो, "पैठणी कपाटात आहे! आई खोटं बोलतेय!"

सुलभा आधी सासूकडे बघत राहिली, मग हसत सुटली, आणि हसता हसता अशी कळ आली की तिने माझा दंडच पिरगाळला. ऑक्सिटोसिन चढलं की अ‍ॅड्रेनलिन उतरलं, मला आजही सांगता येणार नाही. आमच्या गलीत रिक्षा शिरत नाही. इस्पितळात न्यायला मी आणि आईने तिला धरून चौकापर्यंत नेलं, आणि आप्पा मागून सारखे म्हणत होते, "जरा सावकाश. घाई कसली आहे?"

ऊन उतरायच्या आत मुलगी झाली. भर मुळावर. "मुळाची शांत करून घेईपर्यंत तिचं तोंड बघू नकोस," आप्पांनी बजावलं. नर्स बाळ घेऊन बाहेर आली तेव्हा हा विज्ञानाचा प्राध्यापक भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"लड़की हुई तो मुँह फेर लिया?" ती कडाडली. "पढ़े-लिखे होकर शरम नहीं आती?"

मुलगी झाली म्हणून नव्हे, मुळाला भ्यायलो म्हणून, असं सांगावं तर प्राध्यापकाची अब्रू जाते. गप्प बसावं तर बापाची. शेवटी मी वळलो. इतकी गोड पोर की मला रडूच आलं. तिनेही डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं, आणि असं भोकाड पसरलं की नर्सने घाईघाईने तिला आत नेलं. बापाने बाळाचं तोंड बघू नये, असं शास्त्र सांगतं. माझ्या बाबतीत बाळाला बापाचं तोंड दाखवू नये, असं सांगायला हवं होतं.