वन्संचं औषध

माझ्या नणंदेच्या हाताला फार चव होती असं कुणी म्हणालं, की मला अजून हसू येतं. बाईंना मिठाचा अंदाज जन्मात आला नाही. तरी आमच्या डोंगरावरच्या वस्तीतली निम्मी पोरं त्यांच्या पातेल्यावर वाढली, हे मलाही नाकारता येत नाही. सगळे त्यांना आक्का म्हणत, मी वन्सं. नवऱ्यामागे त्या आमच्याकडेच राहिल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात माझ्यापेक्षा जास्त वावरल्या. आता त्या जाऊन बरीच वर्षं झाली. चूल सगळी माझी एकटीची आहे आणि मला ते मुळीच आवडत नाही.

आमचे लोक या डोंगरावर सगळ्यांच्या आधीपासूनचे, पण खालची कुठलीही सोय आमच्यापर्यंत सगळ्यांच्या शेवटी यायची. एका वर्षी पोरं फारच खंगली. तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाई भाजलेल्या धान्याच्या आणि शेंगदाण्यांच्या पिठाच्या पिशव्या घेऊन वर आल्या. "पाण्यात कालवून पोटभर द्या," असं सांगून गेल्या. वाटपाचं काम वन्संनी आपणहून अंगावर घेतलं.

"नुसतं पीठ म्हटलं तर मोठी माणसंच फस्त करतील," त्या मला म्हणाल्या. "औषध आहे म्हणून सांगते. मग बघ, कुणी हात लावतंय का!"

युक्ती नामी होती. खरंच कुणी हात लावला नाही.

पुढच्या वेळी नर्सबाईंनी पोरांची वजनं केली, तर एकाचंही धड वाढलेलं नाही. मध गोळा करणाऱ्याची दोन वर्षांची लेक तर आणखी उतरली होती. चालायला लागल्यापासून ती एका जागी ठरत नसे, म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. आता ती आईच्या मांडीवर ठेवू तशी पडून राहायची. "अशीच राहिली तर पोर हाती लागायची नाही," नर्सबाई म्हणाल्या.

वन्सं तडक भिंगरीच्या घरी निघाल्या, मागोमाग मी. फळीवर पिशवी जवळजवळ भरलेलीच होती.

"तुम्ही औषध म्हणालात ना आक्का," तिची आई सांगू लागली, "म्हणून सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा. आधी आणखी दे म्हणून रडायची. मी हात आवरला. औषध जास्त झालं तर बाधतं ना? आता रडत नाही. शहाणी झाली."

वन्सं खाली बसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे गं बाई. हे औषध नाही, खाऊ आहे." भिंगरीच्या आईला ते काही पटेना. तेव्हा वन्संनी वाटीभर कालवून तिच्यासमोर आपण खाल्लं, मलाही खायला लावलं. मीठ नव्हतंच त्यात, त्यामुळे बरं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळी पोरं आपापली वाटी घेऊन आमच्या ओसरीवर. कुणी मोठा माणूस उगाच घुटमळला, की वन्सं पळी उगारायच्या. माझा स्वयंपाक रोज रखडायचा, मी रोज कुरकुरायचे. तो गोंगाट, ते खरकटे हात, सगळं आठवलं की जीव तुटतो.

पण भिंगरी तोंड उघडेना. "भूकच मेलीय तिची," नर्सबाई म्हणाल्या. "थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्या." रोज येऊन त्या तिला बघून जायच्या. वन्सं तिला मांडीवर घेऊन बोटाच्या टोकानं चाटवायच्या. ती अर्धं थुंकायची. वन्सं स्वतः जेवेनाशा झाल्या, आणि मी काही म्हणायला गेले तर माझ्यावरच खेकसायच्या.

एका दुपारी मी मागच्या दारी भांडी घासत होते. ओसरीवरून अशी किंकाळी आली की माझ्या हातातलं भांडं पडलं. धावत गेले, तर भिंगरी रिकामी वाटी जमिनीवर आपटत लालबुंद होऊन रडत होती. वन्सं नुसत्या बघत बसलेल्या, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

भिंगरीची आई धापा टाकत आली. "काय झालं माझ्या पोरीला?"

"संपलं म्हणून रडतेय," वन्सं म्हणाल्या. "आणखी पाहिजे तिला."

आई पायरीवर बसली. मी पिठाला हात घातला, तशी ती म्हणाली, "सावकाश कालवा वहिनी. रडू दे थोडं. मला ऐकू दे."