एकच रेघ

आमच्या रसायनशास्त्र विभागात बाईंना पाठीमागे सगळे 'एकरेघ बाई' म्हणायचे. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. प्रयोगवहीत चूक झाली तर खोडरबर नाही, पान फाडणं नाही, गिरगटणं तर नाहीच. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही, तारीख आणि कारण. "कारण लिहिल्याशिवाय खोडायचा हक्क नाही," हे त्या विद्यार्थ्यांना सांगत आणि नव्या प्राध्यापकांनाही. पान पाहून झालं की खाली स्वतःच्या हातानं लिहीत, 'तपासले'.

मी तिथला प्रयोगशाळा सहायक. एकतीस वर्षं बाटल्या धुतल्या आणि माणसं पाहिली. स्वच्छ निघाल्या त्या बाटल्याच.

बाईंचा एकच हट्ट होता. दर शनिवारी सकाळी आसपासच्या शाळांतल्या पंधरा-वीस मुली प्रयोगशाळेत यायच्या. बाई त्यांच्या हातात ब्युरेटची काचेची नळी देत आणि स्वतःचे हात मागे बांधून उभ्या राहत. फुटली तर फुटली. चोवीस वर्षं हे चाललं. तापानं फणफणत असल्या तरी बाई यायच्या, आणि त्यांच्यापायी माझाही शनिवार जायचा.

चिमणी त्या मुलींतलीच. बारा वर्षांची, इतकी बुटकी की टेबलावर हात पोचेना. मी स्टोअरमधून लाकडी स्टूल आणून दिलं. चार शनिवार आली आणि यायची बंद झाली. बाई मला घेऊन तिच्या घरी गेल्या. वडील दार अडवून उभे. "आमच्या मुलीला याची गरज नाही," म्हणाले. बसा म्हणाले नाहीत. बाई आपणच आत जाऊन बसल्या आणि दीड तास उठल्या नाहीत. शेवटी तेच कंटाळले. "न्या बाई. पण तोंडावर अॅसिड उडालं तर तुम्ही निस्तरा."

चिमणी शिकली, डॉक्टरेट मिळवली आणि आमच्याच विभागात शिकवायला आली. पहिल्या तासाला बाई शेवटच्या बाकावर बसून तिच्या चुका टिपून घेत होत्या. तिच्या संशोधनाचा अर्ज त्यांनी सात वेळा पुन्हा लिहायला लावला. प्रश्नपत्रिका कशी काढायची, वरिष्ठांना नाही कसं म्हणायचं, सगळं शिकवलं. "आणि सभेत चहा तू ओतायचा नाहीस," असं बजावलं. "एकदा किटली हातात घेतलीस की ती सुटत नाही."

बाईंच्या निवृत्तीला महिना राहिला आणि चिमणी प्रभारी विभागप्रमुख झाली. बाईंना भाषणं नको होती, भेटवस्तू नको होती. शनिवार तेवढा चालू राहायला हवा होता. "चिमणी आहे ना," त्या मला दोनदा म्हणाल्या. मीही मान डोलावली, मूर्खासारखी.

डीनसाहेबांना शनिवारी प्रयोगशाळा एका कारखान्याच्या चाचण्यांसाठी हवी होती. चिमणीची खुर्ची अजून कच्ची होती आणि ती पक्की करणं त्यांच्या हातात होतं.

वर्षभराच्या उपक्रमांची यादी ठरवायला सभा बसली. मी किटली घेऊन आत गेलो, तशी चिमणी उठली, ती माझ्या हातातून घेतली आणि डीनसाहेबांचा कप भरला. मग बाकीच्यांचे. बाईंनी आपल्या कपावर हात ठेवला.

यादी फिरत फिरत बाईंकडे आली. मी मागेच उभा होतो. चौथ्या ओळीत 'मुलींसाठी शनिवारची प्रयोगशाळा', आणि त्यावर रेघ. एकच, सरळ. खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. शेजारी चिमणीची सही होती, तारीख होती.

बाई आता कडाडणार असं मला वाटलं. त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

"कारण राहिलं."

"मॅडम, आपण नंतर बोलू या का?" चिमणी हळूच म्हणाली.

"बोलायचं नाहीये. लिहायचंय."

डीनसाहेबांनी घड्याळ पाहिलं. चिमणीनं पेन उघडलं आणि लिहिलं. कागद परत आला तेव्हा मी बाईंच्या खांद्यावरून वाचलं. दोनच शब्द होते. 'गरज नाही.'

माझं टाळकं सटकलं. तिच्या बापानं निदान दारात उभं राहून तोंडावर म्हटलं होतं. ते स्टूल अजून आमच्या स्टोअरमध्ये आहे, आणि ते आपण हिला आणून दिलं याची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

  बाईंनी पेन काढलं, त्या दोन शब्दांखाली 'तपासले' लिहिलं, तारीख घातली आणि कागद चिमणीच्या हातात दिला.