राजेंचा आकडा

गिऱ्हाईक दारात दिसलं की हा न्हावी म्हणायचा, "या राजे, बसा!" मग ते शाळकरी पोर असो की पेन्शनर. शेवटी लोकांनी त्यालाच राजे करून टाकलं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि अखंड सुरू असलेला तोंडाचा पट्टा, एवढंच राज्य. पण दाढी अशी करायचे की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. राजेंचं एकच म्हणणं, माणूस चारचौघांत जाताना नीटनेटका दिसला पाहिजे. याच हौसेपायी त्यांचं वाटोळं झालं.

चाळिशी उलटली आणि सकाळी बोटं आखडायला लागली. मनगटं सुजली. संधिवात निघाला, तोही सांधे आतून खाणारा. डॉक्टरीणबाई वयाने तरुण, पण कामाला चोख. दर खेपेला एकेक सांधा दाबून दुखतो का विचारायच्या, सूज चाचपायच्या, रक्त तपासायच्या आणि कागदावरची 'छान' ते 'वाईट' अशी एक रेघ पुढे करून म्हणायच्या, "एकूण कसं वाटतंय, इथे खूण करा." या सगळ्याचा मिळून एक आकडा निघायचा. आकडा वर गेला तर औषध वाढवायचं, खाली राहिला तर आहे तेच चालू ठेवायचं. बाईंनी हे नीट समजावून सांगितलं होतं. राजेंनी मान डोलावली आणि मनात भलतंच धरलं. आकडा म्हणजे परीक्षेचा निकाल. कमी आला म्हणजे राजे पास!

मग काय, तपासणीच्या दोन दिवस आधीपासून सूज उतरवणारी जालीम गोळी सुरू. औषधवाला राजेंचं रोजचं गिऱ्हाईक, तो कशाला चिठ्ठी मागतोय? त्या दिवशी सकाळी गरम पाण्यात हात शेकायचे, भांग पाडायचा, इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि स्वारी दवाखान्यात हजर. बाई बोट दाबायच्या, जीव कळवळायचा आणि हे हसून म्हणायचे, "छे हो, गुदगुल्या होतात!" बाई हसायच्या. "छान आहे आकडा. औषध तेच ठेवू." राजे घरी येऊन बायकोला सांगायचे, "बघ, बाई खूश झाल्या!" तीही खूश व्हायची. तिला गोळ्यांचा पत्ता नव्हता. शर्टाची बटणं मात्र रोज तीच लावून द्यायची.

अरे बाबा, परीक्षा तुझी नव्हती, औषधाची होती! औषध नापास होत होतं आणि तू त्याला खोटे मार्क वाटत होतास. कुणाच्या भल्यासाठी रे?

असं दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी म्हाताऱ्या मास्तरांची दाढी करताना अंगठ्याने दगा दिला. वस्तरा सटकला आणि कानाखाली चीर गेली. मास्तर बिचारे "काही नाही, काही नाही" म्हणत राहिले, पण टॉवेल लाल झाला. राजेंना वस्तरा पुन्हा उचलता येईना. निरोप मिळताच बायको धावत आली, शटर ओढलं आणि त्यांना तसंच दवाखान्यात घेऊन गेली. ना गोळी, ना गरम पाणी.

बाईंनी पहिलंच बोट दाबलं आणि राजे किंचाळले. मग सगळं बाहेर पडलं, गोळ्यांसकट. "गोळ्या? कसल्या गोळ्या?" बायकोने विचारलं. बाईंनी हातांचा एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरला.

"खरं सांगितलं असतंत तर तेव्हाच औषध बदललं असतं हो," त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मीही तुमच्या हसण्यावर गेले. चुकलंच माझं."

"तुम्ही इतकी मेहनत घेता," राजे पुटपुटले, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

इंजेक्शनं सुरू झाली. राजे आता खरं तेच सांगायचे. काही महिन्यांत आकडा खाली आला, या खेपेला खराखुरा. सूज गेली, दुखणंही जवळजवळ गेलं. राजेंचा चेहरा उजळला. "मग आता बोटं सरळ होतील ना? दुकान कधी उघडू?"

बाईंनी त्यांचा वाकडा झालेला हात हातात घेतला. "रोग थांबलाय, राजे. पण जे सांधे खराब झाले, ते पहिल्यासारखे होत नाहीत."

दुकान दुसऱ्याने चालवायला घेतलं. राजे घरी बसले. दाढी वाढली तरी त्यांना तिकडे जाववेना, आणि आरशातला तो अवतारही बघवेना. शेवटी बायकोनेच एके दिवशी त्यांना खिडकीशी बसवलं आणि गालाला फेस लावला. तिने जन्मात कधी कुणाची दाढी केलेली नव्हती. हनुवटीशी पातं लागलं आणि फेसात रक्त उतरलं.

"अगंबाई! लागलं का हो?"

"छे गं. छान जमतंय तुला."

तिने हातातलं खाली ठेवलं. डोळे डबडबले होते. "माझ्याशी तरी खरं बोला ना हो आता."

अर्धी दाढी तशीच.

"लागलं," ते म्हणाले. "फार लागलं गं." आणि तिच्या पोटाशी तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडायला लागले.