भाऊजींच्या पिकअपवरची पेटी

वहिनींचा विश्वास होता तो फक्त लाकडावर, आणि तोही ठोकून बघितल्यानंतर. वखारीतून फळी आली की त्या बोटाच्या पेराने ती ठिकठिकाणी ठोकायच्या, कान लावायच्या, वास घ्यायच्या आणि मग वखारवाल्याच्या तोंडाकडे बघायच्या. नवरा गेल्यावर पहिल्याच वर्षी या वखारवाल्याने त्यांच्या गळ्यात ओलं लाकूड सुकं म्हणून मारलं होतं. त्याची कपाटं केली, आणि थोड्याच दिवसांत त्यांची दारं अशी वाकली की गिऱ्हाईक भरल्या बाजारात कपाट परत घेऊन आलं. दुधाने असं तोंड पोळल्यावर वहिनी ताकच काय, पाणीही फुंकून प्यायला लागल्या. गल्लीतले लोक त्यांना माघारी टकटकबाई म्हणत. हे त्यांना माहीत होतं. कोण कोण म्हणतं, तेही माहीत होतं.

सुतारकाम त्या नवऱ्याच्या हाताखाली शिकल्या होत्या. आधी नुसतं फळीचं दुसरं टोक धरायचं, मग पॉलिश, मग रंधा, आणि शेवटी शेवटी तर सांधे त्याच करायच्या आणि नाव नवऱ्याचं व्हायचं. पण तो गेल्यावर दुकानाला कुलूप लागणार, असं सगळे धरूनच चालले होते. सगळ्यांत घाई झाली होती धाकट्या दिराला. भाऊजी नळजोडणीची कामं करायचे. सांत्वनाला येणाऱ्यांचे पाय अजून थांबले नव्हते, तोवर ते एका अनोळखी माणसाला घेऊन दुकानात उभे राहिले.

"वहिनी, यांना दुकान बघायचंय. बाईमाणसाला हा पसारा कुठे झेपणार?"

वहिनींनी हातातली पटाशी खाली न ठेवता दोघांनाही दार दाखवलं. तेव्हापासून बोलणं बंद. पुढे भाऊजींचं लग्न झालं, त्यालाही वहिनी गेल्या नाहीत. भाऊजींची बायको वारली तेव्हा वहिनी गेल्या, दाराशी उभ्या राहिल्या आणि कोणाशी न बोलता परत आल्या.

म्हणून त्या सकाळी दुकानासमोर पिकअप थांबली आणि तिच्यातून भाऊजी उतरले, तेव्हा वहिनींनी पहिल्यांदा बघितलं ते त्यांच्या मागून आणखी कोणी उतरतंय का. कोणी उतरलं नाही.

"वहिनी, एक पेटी करून हवी होती," भाऊजी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "हौद्यात, केबिनच्या मागे आडवी बसेल अशी. हत्यारं ठेवायला. पाण्याचा थेंब आत जाता कामा नये."

"लोखंडाची घ्या. तयार मिळते."

"लोखंडाला आतून घाम येतो. आणि तुमच्यासारखा सांधा दुसरं कोण करतं?"

गोड बोलणारा माणूस आणि चकचकीत पॉलिश, दोन्ही बघितलं की वहिनींना खाली काय दडवलंय याचीच शंका यायची. नाही म्हणावं, असं ओठावर आलं होतं. पण नाही म्हटलं तर हा माणूस इतक्या वर्षांनी का आला, हे कधीच कळणार नाही. त्यांनी टेप उचलला.

"हत्यारं घेऊन या. पेटी हत्यारांच्या मापाने होते."

भाऊजी जरा गडबडले. "हत्यारं... ती आहेत तशीच. तुम्ही हौद्याचं माप घ्या. आत कप्पे नकोत. सगळी मोकळीच ठेवा."

वहिनींनी मान खाली घालून माप घेतलं, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. पाने, पक्कड, पाइप कापायची करवत, बारीकसारीक जोड, एवढा खुर्दा बाळगणारा माणूस कप्पे नको म्हणतो? आणि जन्मभर पाण्यात हात घालून पोट भरणारा हा गडी एका थेंबाला एवढा का भितो?

संध्याकाळी त्यांनी हे लेकीला सांगितलं. लेक बस डेपोत तिकीटखिडकीवर बसायची. दिवसभर लोकांच्या सबबी ऐकून तिचं मन आईपेक्षा मऊ झालं होतं.

"आई, त्यांना पेटी हवी असेल म्हणून पेटी मागितली असेल."

"तुला नाही कळायचं. तुझा काका दुकानात पाय ठेवायला जागा शोधतोय. आज पेटी, उद्या आणखी काही."

"मग कशाला घेतलंस काम?"

"चोर समोर बसलेला बरा," वहिनी म्हणाल्या.

काम सुरू झालं आणि भाऊजी मदतीला म्हणून रोज यायला लागले. वहिनींनी त्यांना आत घेतलं नाही. घासायची फळी अंगणात मांडून दिली, जिथे आत रंधा मारता मारता ते खिडकीतून दिसतील. पेटीच्या कामात मात्र त्यांनी कुचराई केली नाही. प्लाय चांगल्यातला घेतला, आणि त्याच्या प्रत्येक कडेला रंगाचे हात चढवले, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनेच. तळाखाली दोन आडव्या पट्ट्या मारल्या, म्हणजे हौद्यात साचलेलं पाणी पेटीला न भिजवता खालून निघून जाईल. झाकण मागच्या बाजूला उतरतं केलं आणि चारी बाजूंनी थोडं बाहेर काढलं, छपराच्या वळचणीसारखं. तोंडाला रबरी पट्टी बसवली. स्क्रूच्या भोकातसुद्धा आधी गोंद, मग स्क्रू.

भाऊजी मुकाट्याने घासत बसत. मधेच उठून अंगणाच्या कोपऱ्यातल्या शेडकडे बघत. वहिनींनी ते बघणं टिपलं. शेडमध्ये तुटक्या फळ्यांशिवाय काही नव्हतं. मग हा काय हेरतोय?

एका दुपारी ते म्हणाले, "वहिनी, कुलपाला दोन चाव्या असतात ना? एक तुमच्याकडे ठेवाल का?"

वहिनींच्या हातातला रंधा थांबला. "माझ्याकडे कशाला?"

"असू द्या. माझी हरवली तर."

झालं! आता त्यांना सगळं लख्ख दिसायला लागलं. पेटीत काहीतरी भलतंसलतं न्यायचं, आणि पकडले गेले की म्हणायचं, चावी वहिनींकडेही असते, पेटीही त्यांनीच केली. "चावीचं बघू नंतर," त्या एवढंच बोलल्या. रात्री जेवताना लेकीला म्हणाल्या, "मला गोवतोय तो."

पेटी उभी राहिल्यावर वहिनींनी आत सगळीकडे खडूची पूड भुरभुरवली, झाकण लावलं आणि भाऊजींच्या हातात पाण्याचा पाइप दिला. "मारा. कंजुसी करू नका." भाऊजींनी वरून, बाजूने, खालून फवारा मारला. उघडून बघितलं तर पूड कोरडी, फक्त बिजागऱ्यांच्या खाली एक ओली रेघ. वहिनींना ती रेघ स्वतःच्या कपाळावर उमटल्यासारखी वाटली. बिजागऱ्या बदलायच्या आणि वरून जुन्या ट्यूबची रबरी पट्टी मारायची, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

चांगल्या बिजागऱ्या गावाबाहेर वजनकाट्याजवळच्या दुकानात मिळत. दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनी निघाल्या. काट्याच्या मागे, मालट्रक उभे राहतात त्या मोकळ्या जागेत, त्यांना भाऊजींची पिकअप दिसली. वहिनी एका ट्रकच्या आडोशाला थांबल्या. आता सापडला, असं त्यांना वाटलं.

पिकअपच्या बॉनेटवर घोंगडी वाळत टाकली होती. मागचा फाळका खाली पाडलेला, त्यावर स्टोव्ह आणि एक पातेलं. आणि भाऊजी, तोंडाला साबणाचा फेस फासून, गाडीच्या बाहेरच्या आरशात बघून दाढी करत होते.

वहिनी पुढे झाल्या.

"वहिनी! तुम्ही इथे?" अर्धी दाढी तशीच राहिली.

"मी बिजागऱ्यांना आले. तुम्ही?"

भाऊजींनी रेझर पुसला, परत पुसला. "सकाळचं काम होतं इकडे."

"आणि घोंगडीचं काय काम होतं?"

वहिनींनी हौद्यात डोकावून बघितलं. प्लास्टिकच्या कागदात बांधलेलं गाठोडं होतं. त्यांनी न विचारता गाठ सोडली. चादरी, कपडे, एक उशी. उशी नाकाशी नेली. कुबट वास आला. कापसाला बुरशी धरायला लागली होती. एवढा वास कोणी सोंग म्हणून आणू शकत नाही, हे वहिनींना कबूल करावं लागलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"ती गेली, मग मेहुण्यांनी खोली रिकामी करायला सांगितली. त्यांच्याच घरातली खोली, त्यांचं तरी काय चुकलं? बहीण होती तोवर मी होतो." भाऊजी आरशाकडे बघत बोलत होते. "झोपायला गाडी पुरते. फक्त पाऊस आला की सगळं भिजतं. ओलं पांघरून दोनदा तापाने पडलो."

"आणि चावी?"

"परत असा पडलो, आणि उठलोच नाही, तर पेटी कोणीतरी उघडायला नको का? दुसरं कोण आहे?"

वहिनींनी गाठोडं पुन्हा बांधलं. पण एक काटा इतकी वर्षं रुतून बसला होता, तो आता काढला नाही तर कधीच निघणार नव्हता.

"एक विचारते, खरं सांगा. तेव्हा तुम्ही जो माणूस आणला होता दुकान बघायला, त्याच्याकडून तुम्हाला काही मिळणार होतं?"

भाऊजींनी रेझर फाळक्यावर ठेवला. गालावरचा फेस वाळून गेला होता.

"हो," ते म्हणाले. "मिळणार होतं."

नाही म्हणाले असते तर वहिनी तशाच पाठ फिरवून गेल्या असत्या. त्या 'हो'ने मात्र त्यांना तिथल्याच एका दगडावर बसवलं. राग तर आलाच. पण इतकी वर्षं जे वाटत होतं ते खरं निघालं, आणि समोरचा माणूस ते लपवत नव्हता. असला अनुभव त्यांना नवा होता.

"दाढी पुरी करा," त्या उठत म्हणाल्या. "आणि गाडी दुकानाकडे आणा. पेटी चुकली आहे."

"चुकली? एवढी छान तर झाली आहे!"

"हत्यारांसाठी छान आहे. अंथरूण बंद पेटीत कोंडलं तर पाणी न लागताही कुजेल. त्याला वारा लागतो. हे आधी सांगितलं असतंत तर माझी मेहनत वाचली असती."

त्या दिवशी वहिनींनी स्वतःच्या हाताने केलेल्या निर्दोष बाजूंना भोकं पाडली. त्यांना ते जिवावर आलं. प्रत्येक भोकावर तिरकी लाकडी टोपी बसवली, तोंड खाली, म्हणजे वारा शिरेल आणि पाणी घसरेल. आतून बारीक जाळी मारली. तळावर पट्ट्यांची एक सुटी जाळी टाकली, अंथरूण फळीला चिकटू नये म्हणून. नव्या बिजागऱ्या, वरून रबर. भाऊजींनी पुन्हा पाइप धरला, आणि या वेळी पूड कोरडीच्या कोरडी राहिली.

पेटी हौद्यात बोल्टने आवळून झाल्यावर वहिनींनी दुसरी चावी मागून घेतली आणि आपल्या जुडग्यात अडकवली.

"त्या वजनकाट्याशी रात्रीचे कोण कोण येतात, काय सांगावं," त्या म्हणाल्या. "गाडी अंगणात लावा. शेडमधल्या फळ्या हलवल्या तर खाट मावेल. तुम्ही बघून ठेवलंच आहे म्हणा."

भाऊजी ओशाळले. "बघितलं होतं. विचारायचा धीर झाला नाही."

"आणि दुकानाला कुलूप मी लावणार."

"लावा ना."

शेजारीपाजारी कुजबुजले. लेकीने काकासाठी डेपोतून जुनी खाट मिळवली. वहिनी रोज संध्याकाळी दुकानाला कुलूप घालत, ते ओढून बघत, आणि मग शेडमध्ये जेवण पाठवत. भाऊजींनी दुकानातल्या गळक्या नळाला हात लावला, तेव्हाही त्या मागे उभ्या राहून बघत होत्या.

पुढे वहिनींना लांबच्या एका शाळेची कपाटं मिळाली. ती पोचवायला भाऊजींची पिकअप निघाली, आणि कपाटांवर नजर हवी म्हणून वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. बराच रस्ता मागे पडला. मग वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी तुमच्या बायकोशी कधी बोललेच नाही. कशी होती हो ती?"

भाऊजींनी गाडीचा वेग कमी केला. "शिट्टी वाजवायची," ते म्हणाले. "दोन बोटं तोंडात घालून. मी कामावर असलो ना, की तीन गल्ल्यांपलीकडून बोलवायची जेवायला. मी नळ अर्धा सोडून पळत यायचो."

वहिनींनी तिरक्या नजरेने त्यांच्याकडे बघितलं. "तीन गल्ल्या? काहीतरीच सांगता."

"खरंच, वहिनी."

वहिनींचा काही विश्वास बसला नाही. "बरं," त्या म्हणाल्या, "पुढे सांगा."