उखाण्याने उघडलेलं दार

दार अडवण्यात आमच्या वन्संचा हात कुणी धरला नसता. नव्या नवरीला उंबऱ्यात थांबवून उखाणा मागितला की बाकीच्या नणंदांचं समाधान होतं. आमच्या वन्संचं होत नसे. तुळजापूरकडच्या वाशीतल्या आमच्या घरात कुणीही पाऊल टाकायला निघालं की वन्सं चौकटीला दोन्ही हात लावून उभ्या! एकदा भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी सोडलं नाही. "आधी बायकूचं नाव घे, मग टाकी आत ठिव." बिचाऱ्याने घेतलं. यमकाचा पत्ता नव्हता, पण वन्संनी त्याला बसवून चहा पाजला.

माझ्या लग्नात मी उंबऱ्यापाशी आले आणि पाठ केलेला उखाणा साफ विसरले. मागे सगळं वऱ्हाड खोळंबलेलं, माझं रडू फुटायच्या बेतात. तेव्हा समोर वाट अडवून उभ्या असलेल्या वन्संनी माझा पदर सारखा करायचं निमित्त केलं आणि अख्खा उखाणा माझ्या कानात सांगितला. वर मोठ्याने ओरडल्या, "आता म्हण की गं, किती येळ उभं ऱ्हायचं आमी?" अडवणाऱ्याही त्याच आणि सोडवणाऱ्याही त्याच. त्या दिवसापासून त्या मला आवडल्या त्या आवडल्याच.

पण त्यांना स्वतःला उखाणा कुणी विचारत नसे. त्यांचे यजमान माणिकराव लवकर गेले, आणि लहानग्या पूजाला घेऊन त्या कायमच्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडे आल्या. घरात कार्य असलं की बायका एकेक करून नाव घ्यायच्या आणि वन्संची पाळी आली की सगळ्यांना अचानक चहाची आठवण व्हायची. वन्संच मुकाट्याने उठून चहा टाकायच्या. मला त्या बायकांचा फार राग यायचा. पण बोलत मीही नव्हते.

नवं स्वयंपाकघर केलं तेव्हा ओट्याखाली ओव्हन बसवला. वन्सं त्याला भट्टी म्हणत. नानकटाई करावी तर त्यांनीच. पूजाची सुपारी फुटायची ठरली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली. "वटी भरायला तुमी समद्या हाव. पावण्यांचं त्वांड मातर माझ्या हातानं ग्वाड व्हऊ द्या." लेकीच्या कार्यात त्यांच्या हातचं म्हणून काही असणार होतं, तर ते एवढंच.

त्या सकाळी नानकटाईचा वास घरभर पसरला, ओव्हन बंद केला आणि दार काही उघडेना. वर कुलपाचं इवलंसं चित्र लुकलुकत होतं. मी ओढलं, पूजाने सगळी बटणं दाबून पाहिली, आमच्या ह्यांनी पाय रोवून ओढलं. दुरुस्तीवाला फोन उचलेना. तेवढ्यात पाहुण्यांचाच फोन आला, येरमाळा सोडलं, अर्ध्या तासात पोचतो म्हणून. ह्यांनी पेचकस आणला तसा वन्संनी त्यांचा हात धरला. "जोर करू नगंस. काच फुटली तर पावण्यांच्या म्होरं काय ठिवू?"

शेवटी मेन स्विच बंद करून ओव्हन निवू द्यायचं ठरलं. वन्सं त्याच्यासमोर फरशीवर बसून राहिल्या. उतरलेला त्यांचा चेहरा मला बघवेना. त्यांना हसवावं म्हणून मी म्हणाले, "वन्सं, ही भट्टी तुमचीच बहीण दिसतेय. उखाणा घेतल्याशिवाय दार सोडायची नाही."

बोलले आणि जीभ चावली. ह्यांनी डोळे वटारले. पण वन्संनी डोक्यावर पदर घेतला, दोन्ही तळवे ओव्हनच्या दारावर टेकवले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"रुसल्याल्या भट्टीम्होरं माथा माझा ठिवते,
लई वरसांनी आज माणिकरावांचं नाव घेते!"

आतून कट्‌ असा आवाज आला आणि दार सुटलं. नानकटाई जराशी जास्तच खरपूस झाली होती, पण पाहुण्यांनी ताटली पुसून खाल्ली.

दुपारी दुरुस्तीवाल्याने एकदाचा फोन केला. ओव्हन निवला की दार आधी आत दाबायचं असतं, ओढलं की आतला आकडा आणखी घट्ट बसतो, असं त्याने समजावून सांगितलं. असेल. वन्संनी त्याला ऐकवलं, "तुला काय ठावं न्हाय बाबा. म्या नाव घेतलं म्हणून उघडलं."

संध्याकाळी बायकांचे उखाणे सुरू झाले. सवयीप्रमाणे वन्सं उठल्या. मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. "चहा मी टाकते. तुमची पाळी आहे." आणि वन्संनी त्या दिवशी माणिकरावांचं नाव दुसऱ्यांदा घेतलं. त्यानंतर आमच्या घरात त्यांना कुणी वगळलं नाही.

पूजा लग्न होऊन तुळजापूरला गेली आणि वर्षभरात आईलाही न्यायला आली. वन्सं पिशवी घेऊन निघाल्या. मी चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिले. वन्सं खळखळून हसल्या. "माझीच इद्या माझ्यावर व्हय गं?" म्हणाल्या, आणि त्यांनी चक्क माझं नाव घेतलं.

"गाडी उभी वाटंवर, पिशवीचा लई भार,
शोभाचं नाव घेते, उघडं ठिव दार."

जावई हसले, पूजाने टाळ्या वाजवल्या. मी मात्र बाजूला व्हायचंच विसरून गेले.