पंचमाची वाटी

पडदा उघडतो तो अंधेरीतल्या एका संगीत महाविद्यालयाच्या पहिल्या मजल्यावर. साल पंच्याऐंशी, सकाळचे साडेनऊ. लांबलचक दालन, भिंतीला टेकून उभे केलेले गवसणीतले तानपुरे, आणि सतरंजीवर अजून एकही माणूस नाही. खिडकीतून उन्हाची तिरीप येते ती नेमकी मधोमध, अर्धवर्तुळात मांडलेल्या चिनी मातीच्या सोळा वाट्यांवर. मग मोरीच्या दारातून, जणू विंगेतून यावा तसा, हातात पितळी तांब्या घेऊन प्रवेश करतो धाकू घाडी. वय बावन्न, अंगात खाकी शर्ट, पाय अनवाणी.

धाकू इथला शिपाई, तोही हंगामी. त्याआधी सव्वीस वर्षं त्याने गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवले होते. संपात गिरणी गेली, तेव्हा जोगेश्वरीच्या चाळीतले शेजारी नाना, जे या महाविद्यालयात हेडक्लार्क होते, त्यांनी शब्द टाकून त्याला इथे चिकटवला. नानांना एकच गोष्ट ठाऊक नव्हती. साच्यांच्या खडखडाटात धाकूचे दोन्ही कान केव्हाच गेले होते. गिरणीत त्याचं काही अडलं नव्हतं. तिथे सगळेच विणकर ओठ बघून बोलत, चार साच्यांपलीकडून एकमेकांना शिव्या देत आणि हसत.

"बहिऱ्याला गाण्याच्या शाळेत नोकरी," त्याची बायको सुलक्षणा म्हणायची. "उद्या आंधळ्याला सिनेमाच्या दारात तिकिटं फाडायला बसवतील."

"तुझी कटकट ऐकू येत नाय, ह्याच बरा," धाकू म्हणायचा.

हे गुपित महाविद्यालयात फक्त एका मुलीने ओळखलं. विमला, शेवटच्या वर्षाला होती, चेंबूरहून यायची. विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात ती जलतरंग वाजवायची. दोनदा पाठीमागून हाक मारली आणि धाकू वळला नाही, एवढ्यावर तिने ताडलं. कुणाला सांगितलं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी पर्समधून लाल नेलपॉलिशची बाटली काढून ती वाट्यांसमोर बसली. एकेक वाटी पाणी घालून, काडीने वाजवून सुरात आणली आणि पाणी जिथे टेकलं तिथे आतून बारीक रेघ ओढली. "इथपर्यंत भरायचं, धाकूकाका. कान माझे, डोळे तुमचे." तेव्हापासून तालमीच्या आधी सोळा वाट्या भरायचं काम धाकूचं. थेंबाचा फरक पडत नसे. वाद्यवृंद शिकवणाऱ्या कुंदाबाई, ज्यांना कशाचंच कौतुक नव्हतं, त्याही एकदा म्हणाल्या की हा माणूस कानाचा तयार आहे. विमला तोंडावर ओढणी धरून हसली होती.

आणि मग जानेवारीतली ती सकाळ. धाकू वाट्या विसळत होता. पंचमाची वाटी हातातून निसटली आणि पितळी नळावर आपटून पुन्हा हातात आली. बोटांना एक बारीकसा झटका जाणवला, तुटायच्या आधी सूत देतं तसा. त्याने वाटी उजेडात फिरवून पाहिली. काही दिसलं नाही. दुसरा कुणी असता तर नखाने टकटक करून ऐकलं असतं. धाकू ते करू शकत नव्हता, आणि कुणाला विचारायचं तर आपण बहिरे हेही सांगावं लागलं असतं. त्याने वाटी पुसली, जागेवर ठेवली, लाल रेघेपर्यंत भरली.

त्या दिवशी तालमीत पंचम आला आणि कुंदाबाईंचा हात हवेत थांबला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दाराशी उभ्या धाकूला त्यांचे ओठ लख्ख वाचता येत होते. "विमला, तीन वर्षं शिकून पंचम असा ढप्प वाजतो? विद्यापीठाच्या स्पर्धेला हेच ऐकवणार आहेस का? हात जड झालाय तुझा. लक्ष कुठे असतं?" तीस पोरं खाली बघून हसली. विमलाने वाटीवर काडी ठेवली, बोटाने कड चाचपली आणि मान वर करून थेट धाकूकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिच्या ओठांवर शब्द उमटले, बाईंसाठी: "चुकलं, बाई." आणि मग, आवाज न काढता, फक्त त्याच्यासाठी: "उद्या बदलू."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. कावीळ, असं नाना म्हणाले. सोळाव्या दिवशी चेंबूरहून निरोप आला. महाविद्यालय अर्धा दिवस बंद राहिलं.

धाकू तरीही वाट्या भरत राहिला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी वाजवतही नव्हतं. पंधरा वाट्यांतलं पाणी संध्याकाळपर्यंत रेघेला टेकलेलं असायचं. पंचमाच्या वाटीतलं बोटभर खाली गेलेलं. अदृश्य चिरेतून ते खालच्या कापडात झिरपतं, हे त्याला कळत होतं. कापड हाताला ओलं लागायचं. तरी झाडू मारताना, त्या वाटीकडे पाठ झाली की अंगावर काटा यायचा. कुणीतरी तिथे बसलंय, घोट घोट पाणी पितंय, आणि आपण वळून बघायची वाट बघतंय. वळावं तर ते ओठ. उद्या बदलू. वाटी उचलून टाकायला एक क्षण पुरला असता. पण का टाकली, हे सांगावं लागलं असतं. सुलक्षणाने विचारलं, "झोपेत कोणाला 'व्हय व्हय' म्हणता?" त्याने न वाचल्यासारखं केलं.

स्पर्धा आठ दिवसांवर आली, तेव्हा कुंदाबाईंनी मीरा नावाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला जलतरंगावर बसवलं. पोरगी घाबरलेली. पंचम आला, आणि कुंदाबाईंचा हात हवेत थांबला.

"तुझंही तेच? विमलाने पण इथेच माती केली होती. तीनदा थांबवूनही सुधारली नाही."

मागच्या रांगेतल्या सतारवाल्याने शेजाऱ्याच्या कानाशी म्हटलं, "विमलाचा हात आहे रे त्या वाटीवर. सोडणार नाही ती." कुजबुज होती, कुणाला ऐकू गेली नसेल. दारात उभ्या धाकूने ती अख्खी वाचली.

तो सतरंजीवर चढला. तालीम चालू असताना वाद्यवृंदाच्या सतरंजीवर त्याने आजवर पाय ठेवला नव्हता. त्याने पंचमाची वाटी उचलली, पाणी खिडकीबाहेर ओतलं आणि रिकामी वाटी उन्हात धरली. केसाएवढी रेघ, आता काठापासून बुडापर्यंत गेलेली.

"हात नाय चुकला तिचा," तो म्हणाला. साचेखात्यात बोलायचा तेवढ्या मोठ्याने, कारण आपला आवाज किती हे त्याला कधीच कळत नसे. "वाटी मी आपटली. नळार. आपल्या अंगावर घेतलान तिने."

कुंदाबाई वळून खिडकीशी गेल्या. पाठ करूनच त्यांनी काहीतरी विचारलं. धाकू उभाच राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं. तो उभाच. तीस पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि हळूहळू त्या दालनात सगळ्यांना कळलं की या माणसाला ऐकू येत नाही, कधीच येत नव्हतं. कुंदाबाईंनाही कळलं. त्या परत आल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि त्याला ओठ दिसतील असं, सावकाश विचारलं, "धाकू, तेव्हाच का नाही सांगितलंस?"

धाकूने वाटी दोन्ही हातांत घट्ट धरली.

"ती उद्या बदलू म्हणाली होती, बाई."