नऊ मिनिटांचं शूटिंग

रेफूहियो आर्रेदोन्दो हे तिचं नाव फक्त चर्चच्या वहीत आणि पगाराच्या चिठ्ठीवर. पाकोइमाच्या आख्ख्या वस्तीत ती दोन्या कुका, म्हणजे कुकाबाई. आणि पाववाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत ज्याला थोडी थट्टा करायची लहर येईल, तो तिला 'दिरेक्तोरा', म्हणजे दिग्दर्शिका, म्हणायचा. सुरुवात थट्टेनंच झाली, पण एकोणीस वर्षं एकच थट्टा चालली की तिची पदवी होते. कुकाला ती पदवी आवडायची. का आवडू नये? दिवसातून चाळीस वेळा ती पोटातून 'अ‍ॅक्शन!' म्हणून ओरडायची आणि समोरची गल्ली हलायला लागायची!

आता ती गल्ली कसली, ते सांगायला हवं. सोलाना पार्क म्हणजे मुळात सिनेमाचा स्टुडिओ. पुढं आकाशपाळणे आले, पाण्याच्या घसरगुंड्या आल्या, आणि स्टुडिओ मागच्या आवारात ढकलला गेला. त्या आवारात एक जुनी गल्ली उभी होती. दगडी पायऱ्यांची घरं, न्हाव्याचं दुकान, बँक, चर्च. समोरून सगळं झकास, मागून नुसते लाकडी टेकू. ट्राममध्ये बसून शंभर-सव्वाशे माणसं ही गल्ली बघायला यायची, आणि फाटकावर लिहिलेलं असायचं, 'खरं शूटिंग बघा.' पण खरी शूटिंगं कर कमी असलेल्या राज्यांत कधीच पळाली होती. माणसं चिडायची. शेवटी कोणा साहेबाच्या सुपीक डोक्यातून निघालं, की खरं नाही ना, मग खोटं दाखवा.

म्हणून हे चौघं. कुका तेव्हा कपडेपटात बटणं शिवायची. एकदा ती आवाराच्या पार दुसऱ्या टोकाच्या माणसावर ओरडली, तर चर्चवरची कबुतरं उडाली. साहेबानं तिथंच तिला दिग्दर्शक करून टाकलं. निवृत्त बसचालक वेंडेल गेन्स कॅमेऱ्यामागं. ग्लेनडेलचा तिग्रान मानुक्यान लांब काठीला झुबकेदार माईक लावून उभा. आणि कुकाच्या बहिणीची मुलगी यारेली ही नटी. ती हातात बॅग घेऊन रडत पायऱ्या उतरायची, कुका 'कट!' म्हणून खेकसायची, आणि ट्राम टाळ्या वाजवत पुढं जायची. नऊ मिनिटांनी पुढची ट्राम, पुन्हा तीच बॅग, तेच रडू.

"तिया, आज तरी मला पायऱ्या संपवू दे की गं," यारेली मावशीला म्हणायची.

"तुझं रडणं नीट होऊ दे आधी. कांदा चिरल्यासारखं रडतेस."

कुकाचा एक हट्ट होता. खोटं करायचं तर नीट करायचं. शूटिंगच्या जगात घंटा वाजून लाल दिवा लागला, की राजा असला तरी जागच्या जागी थांबतो, शिंक आली तरी गिळतो. कुकाच्या गल्लीत कॅमेऱ्यात फिल्मच नसायची, पण दिवा लागला की झाडूवाल्याची गाडीसुद्धा थांबलीच पाहिजे. एकदा तर कंपनीचा वरिष्ठ साहेब फोनवर बोलत मध्ये आला, तेव्हा तिनं त्यालाही तोंडावर बोट ठेवून उभं केलं होतं. वेंडेल ती गोष्ट अजून सांगतो, आणि दर वेळी साहेबाची उंची थोडी वाढवतो.

त्या उन्हाळ्यात धाकटा साहेब प्रुइट त्यांच्याकडं आला. माणूस वाईट नव्हता, पण वाईट बातमी सांगताना बुटांकडं बघायची त्याला सवय. त्या दिवशी तो बराच वेळ बूट बघत होता.

"कंपनीनं ठरवलंय, की ही गल्ली पाडायची. इथं नवीन पाळणा. एकशेदहा फूट उंच, उलटा फिरणारा."

"आणि ट्राम?" तिग्राननं विचारलं.

"ट्राम कशाला, दाखवायला काही उरणारच नाही. फक्त एक आहे. ऑक्टोबर संपेपर्यंत एखाद्या खऱ्या सिनेमानं ही गल्ली भाड्यानं घेतली, तर मी वर भांडू शकतो. पत्रं पाठवलीत सगळीकडं."

कुका त्या दिवशी घरी जाऊन काही बोलली नाही. नवरा लासारो घाबरला, कारण एकतीस वर्षांच्या संसारात ती गप्प अशी दोनदाच बसली होती. शेवटी तिनंच तोंड उघडलं. "गल्ली गेली की मी कोण रे? घरी बसून तुझ्या कोंबड्यांना अ‍ॅक्शन म्हणू?" आणि ती रडली. अगदी खरं रडली. यारेलीनं बघायला हवं होतं.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, कुणी फिरकलं नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी गल्लीच्या तोंडाशी एक बाई येऊन उभी राहिली. धुळीचे बूट, हातात वही, गळ्यात फोटोचा कॅमेरा. लाल दिवा लागलेला होता. बाई थांबली. दिवा विझला, तिनं पाऊल टाकलं, तोवर पुढची ट्राम आली आणि घंटा वाजली. बाई पुन्हा थांबली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मधल्या वेळात ती लगबगीनं कुकापाशी आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "माफ करा हं मॅडम. ही गल्ली तुमच्याकडं कधीपर्यंत आहे?"

कुकाला वाटलं, ट्राममधून उतरलेली कुणीतरी चौकस पाहुणी. पाहुण्यांसमोर खोटं उघडं पाडायचं नाही, हा पार्कचा पहिला नियम. तिनं टोपी मागं सरकवली, कपाळाला आठ्या घातल्या आणि मोठा सुस्कारा सोडला.

"काय सांगू बाई! नटी अजून पायऱ्याच उतरतेय. नाताळ उजाडेल."

"अरे देवा. तुम्हाला शुभेच्छा." बाईनं वहीत एक ओळ खोडली आणि ती निघून गेली.

चौघं पोट धरून हसले. तिग्राननं तर काठी टेकवून त्या बाईचं चालणंही करून दाखवलं. जेवणाच्या सुट्टीत प्रुइट धावत आला, चेहरा पांढराफटक.

"आपल्या गल्लीत कोण शूटिंग करतंय? मॅरेन नावाची बाई आली होती, सिनेमासाठी जागा शोधते ती. दिग्दर्शक हॅलोरनबाईंचा नवा सिनेमा, तीन आठवड्यांचं काम! म्हणते, गल्ली हवी तश्शी आहे, पण नाताळपर्यंत अडकलीय. मला कसं माहीत नाही?"

कुकाच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा! तीन महिने ज्या माणसाची वाट बघितली, ते माणूस चालत दारात आलं, अदबीनं अर्धा तास उभं राहिलं, आणि हिनं ऐटीत त्याला वाटेला लावलं. तिनं सगळं कबूल केलं. प्रुइटनं तिथूनच फोन लावला, ऐकून घेतलं, आणि फोन खाली ठेवला.

"विश्वासच ठेवत नाही. म्हणते, मी वीस वर्षं शूटिंग बघतेय, एवढी शिस्त खोटी नसते. तुम्ही एकच गल्ली दोघांना देताय, मला मध्ये अडकायचं नाही. आज सांता क्लॅरिटाला गुरांच्या एका जुन्या रँचवर जागा पक्की करतायत."

एरवी हे ऐकून कुका हवेत तरंगली असती. वीस वर्षांच्या अनुभवी बाईला ती खरी दिग्दर्शक वाटली! पण तिच्या लक्षातही आलं नाही. ती वेंडेलकडं वळली.

"गाडी काढ."

"आणि ट्राम?"

"ट्रामला सांग, नटी आजारी आहे. कॅमेराही घे बरोबर."

"तो कशाला?"

"घे म्हटलं ना!"

सांता क्लॅरिटाला त्या दिवशी वारा असा सुटला होता की डोळे उघडवेनात. रँचच्या कुंपणाशी मॅरेन उभी, आणि शेजारी पांढऱ्या केसांची, पुरुषी कोट घातलेली उंच बाई, तीच हॅलोरन. वेंडेलची गाडी धुरळा उडवत आली. त्यातून डोक्यावर दिग्दर्शकाची टोपी घातलेली गोल बाई उतरली. तिच्यामागं काठीवाला, बॅगवाली, आणि कॅमेरा छातीशी धरलेला म्हातारा.

"हीच ती," मॅरेन म्हणाली. "हिचंच शूटिंग चाललंय."

"नाही हो चाललेलं!" कुका म्हणाली. "आम्ही खोटे आहोत."

"खोटे म्हणजे?"

"म्हणजे खोटे! ट्रामवाल्यांना दाखवायला ठेवलेले. मी बटणं शिवायचे. हा बस चालवायचा."

"मॅडम, असं का करताय? तुम्हाला कुणी पैसे दिलेत का?" मॅरेननं विचारलं. तिला आता कुकाची दया यायला लागली होती.

आयुष्यभर खोटं खरं वाटावं म्हणून राबावं, आणि नेमकं ज्या दिवशी खोटं ठरायचं त्या दिवशी कुणी मानू नये! कुकाचा संताप संताप झाला. "वेंडेल, उघड तो कॅमेरा."

"आत्ता? इथं?" वेंडेल कधी नव्हे तो लाजला.

"उघड!"

वेंडेलनं कॅमेऱ्याच्या कुशीतली कडी काढली. आत फिल्म नव्हती, चाकं नव्हती, काच नव्हती. आत कागदात गुंडाळलेलं तळलेल्या कोंबडीचं सँडविच होतं, तिखट सॉसची छोटी बाटली होती आणि एक नीट घडी घातलेला रुमाल.

"सावलीत राहतं ना," वेंडेल पुटपुटला. "गारही राहतं."

हॅलोरनबाई आधी नुसती बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मग ती हसत हसत कुंपणाच्या आडव्या फळीवर बसलीच. "मॅरेन," ती डोळे पुसत म्हणाली, "या सँडविचनं तुला अर्धा तास उभं केलं?"

"चार ट्राम," मॅरेन म्हणाली, आणि मग तीही हसायला लागली.

सोमवारी खरं शूटिंग गल्लीत येऊन उतरलं. सत्तर माणसं, अकरा ट्रक, जेवणाचा तंबू. प्रुइट नाचायचाच बाकी होता. कुकानं घरून मक्याच्या पानात वाफवलेले शंभर तमाले करून आणले आणि सगळ्यांना वाटले. दुपारी प्रुइट तिच्यापुढं आला आणि पुन्हा बूट बघायला लागला.

"आता खरं आलंय ना, तर तुमचं... तूर्त थांबवू या. फाटकावरची पाटी खरी झाली."

"खोट्याच्या कपाळी गोटा, तो असा," वेंडेल म्हणाला. गल्ली वाचवायला कुका गेली होती, आणि गल्ली वाचली होती. तक्रार कुठल्या तोंडानं करणार? तिनं टोपी काढून यारेलीच्या बॅगेत टाकली.

चार दिवस ती घरी होती. तिनं पडदे धुतले, वाळलेले पडदे पुन्हा धुतले. पाववाला म्हणाला, "काय दिरेक्तोरा, सुट्टी?" तर तिनं पाव न घेताच दार लावलं. लासारोच्या कोंबड्यांनी अंडी देणं कमी केलं, असं निदान तो तरी सांगतो.

पाचव्या दिवशी फोन वाजला. पलीकडं प्रुइट.

"दोन्या कुका, जरा यायला जमेल का?"

"का? खरं शूटिंग पळालं?"

"नाही हो. ते आहे. तेच तर! चाळीस मिनिटं एक माणूस दिवा तीन इंच इकडं, तीन इंच तिकडं करतो. एवढंच! लोक ट्राममध्ये जांभया देतायत. कालच्या दिवसात दोनशे तक्रारी. ही फ्रेझ्नोची एक म्हातारी लिहिते, वाचतो, 'मागच्या वर्षी खरं शूटिंग दाखवलं होतं. त्यात एक गोल बाई होती, काय आवाज तिचा! या खेपेला कुणीतरी नवशिके बसवलेत. फसवणूक आहे.'"

कुका इतकी हसली की लासारो अंगणातून आत आला. मग ती गंभीर झाली.

"गल्ली तर त्यांच्याकडं आहे. आम्ही कुठं उभं राहायचं?"

"तुम्ही सांगाल तिथं."

"घरांच्या मागं. टेकूंच्या बाजूला. आणि साहेब, 'तूर्त' वगैरे शब्द पुन्हा माझ्यापुढं काढायचा नाही."

"नाही काढणार."

"आणि यारेलीला नवी बॅग. जुनीचं बिजागर गेलंय."

तर दुसऱ्या दिवसापासून ट्राम आधी गल्लीतून जायला लागली, तिथं खरे लोक दिवा सरकवायचे. मग वळण घेऊन ती घरांच्या पाठीमागं यायची, आणि तिथं टेकूंच्या मधोमध नव्या लाकडी पायऱ्या ठोकून कुकाचा दरबार भरलेला. लोक उठून उभे राहून टाळ्या वाजवायचे. महिनाअखेरीला कंपनीचं पत्र आलं. आणखी दोन सिनेमांनी गल्ली मागितली होती. पाळणा वाहनतळाच्या बाजूला उभा राहणार होता. प्रुइटनं ते पत्र टेकूवर चढून मोठ्यानं वाचलं आणि उतरताना पँट फाडून घेतली. कुकानं त्याला आधी मिठी मारली, मग सुई-दोरा काढला. सुखानं तिचे डोळे भरून आले होते, त्यामुळं टाके वाकडे पडले.

त्याच दुपारी साडेतीनच्या ट्राममध्ये हॅलोरनबाई येऊन बसली. कोट काढून, इतर पाहुण्यांत, कागदाच्या पिशवीतले शेंगदाणे खात. कुकानं तिला बघितलं आणि टोपी कपाळावर ओढली. खरी दिग्दर्शक, आणि समोर आपला हा खेळ! क्षणभर वाटलं, आज यारेलीच्या घशाचं निमित्त काढावं. पण घंटा तर वाजली होती. यारेली रडत पायऱ्यांवर आली. वेंडेल डोळा मिटून कॅमेऱ्याला चिकटला. ट्राममधली एकशेवीस माणसं श्वास रोखून गप्प झाली, आणि नेमकी तेव्हाच हॅलोरनबाई उभी राहिली. शेजारणीला हात करून काहीतरी दाखवत ती म्हणाली, "बघा, त्या पोरीनं जर डावीकडून..."

"ओ बाई!" कुकाचा आवाज टेकूंवरून पार गल्लीत गेला. पलीकडं खरं शूटिंग करणारे लोकही जागच्या जागी थांबले. "खाली बसा. इथं काम चाललंय."

हॅलोरनबाईनं तोंड मिटलं, शेंगदाण्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि ती मुकाट्यानं खाली बसली.